पंपदुरुस्तीकडून सांडपाणी शुद्धीकरणाकडे : आमची वाटचाल

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत पंप आणि ब्लोअर (हवा जोराने सोडणारी यंत्रे) दुरुस्त करणारे छोटे वर्कशॉप म्हणून आमच्या फर्मची सुरुवात झाली. दुरुस्तीला येणारे बरेच ब्लोअर गृहसंकुलांच्या आणि रुग्णालयांच्या सांडपाणी प्रकल्पांतले असत, आणि ते परत बसवायला गेल्यावर दिसे की प्रकल्प उत्तम बांधलेला असला तरी तो रोज चालवणारे जाणते माणूसच तिथे नाही. म्हणून आम्ही प्रकल्प चालवण्याची वार्षिक कंत्राटे घेऊ लागलो.

या कामाचा जीव एरेशन टाकीत, म्हणजे ब्लोअरने सांडपाण्यात हवा सोडायच्या टाकीत आहे. जाळीने कचरा अडवल्यानंतर पाण्यात विरघळून राहिलेली घाण जीवाणू खातात, आणि त्यासाठी पाण्यात लिटरमागे साधारण 2 मिलिग्रॅम प्राणवायू कायम असावा लागतो. ब्लोअर बराच वेळ थांबला, तर जीवाणू गुदमरतात आणि टाकीला कुजका वास सुटतो. वीजबिल वाचवण्यासाठी रात्रभर ब्लोअर बंद ठेवा, अशी अट घालणारे काम आम्ही घेत नाही. आमचा ऑपरेटर रोज सकाळी टाकीतले पाणी एक लिटरच्या मोजपात्रात 30 मिनिटे स्थिर ठेवतो. तपकिरी गाळ तळाशी बसून वर नितळ पाणी राहिले, की जीवाणूंची तब्येत ठीक आहे असे समजावे. गाळ फुगून वरपर्यंत राहिला, तर हवा आणि गाळाचे प्रमाण लगेच तपासावे लागते.

सोलापुरात नळाला काही दिवसांआड पाणी येते, आणि पाण्याच्या दिवशी घरोघरी धुणी निघाल्याने साबणाचे पाणी लोंढ्याने प्रकल्पात शिरते. त्यामुळे आवक साठवून पुढे सारख्या वेगाने सोडणारी टाकी इथे ऐसपैसच हवी, असे आमचे ठाम मत आहे.

पुढे गाळ खाली बसवून, वाळू आणि कार्बनच्या फिल्टरमधून गाळून, क्लोरीन दिलेले पाणी पिण्यासाठी नव्हे, पण शौचालयाच्या फ्लशला आणि बागेला निर्धोक वापरता येते, आणि उन्हाळ्यात टँकरवर अवलंबून असणाऱ्या सोसायट्यांना त्याचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. टाकीतून काढलेला जादा गाळ वाळवायला मात्र इथले ऊन चांगले साथ देते; पावसाळ्यात वाफे ओलेच राहतात, म्हणून तेवढ्या महिन्यांपुरता आम्ही फिल्टर प्रेस (गाळ दाबून त्यातले पाणी काढणारे यंत्र) वापरतो.