हियायाक्को : या उन्हाळ्याची वही

जून, त्सुयूचा म्हणजे जपानी पावसाळ्याचा पाऊस चालू

यंदा हियायाक्कोमध्ये एकाच गोष्टीचा पाठपुरावा करायचा ठरवलाय, ती म्हणजे टोफूतलं पाणी. गार टोफूचा तुकडा, त्यावर किसलेलं आलं, कांद्याची पात, कात्सुओबुशी म्हणजे सुक्या माशाचे पातळ काप, आणि सोया सॉस, एवढाच हा जपानी पदार्थ. पाच मिनिटांत होतो. पण शिजवणं नसल्यामुळे चव झाकणारंही काही नसतं. किनुगोशी म्हणजे मऊ, गुळगुळीत टोफूत दहातले जवळजवळ नऊ भाग पाणीच असतं. खाता खाता ते बशीत उतरत राहिलं की सॉस पातळ होतो, आपण आणखी ओततो, आणि शेवटचे घास नुसते खारट लागतात.

आधी टोफूचं बघू. इथे टोकियोत दुकानाच्या थंड कपाटात तीन प्रकार शेजारी शेजारी असतात. मोमेन बनवताना गोठलेलं सोया दूध मोडून, कापड घातलेल्या भोकांच्या साच्यात दाबतात, त्यामुळे पाणी निघून जातं आणि तुकडा भरीव, थोडा खरखरीत होतो. किनुगोशी दाबत नाहीत. जास्त दाट दूध साच्यातच गोठवतात, म्हणून तो जिभेवर सरकतो. तिसरा जुतेन. यात गार दुधात गोठवणारं द्रव्य मिसळून डबा भरतात, सील करतात आणि मग डब्यासकट तापवतात. डब्यात वेगळं पाणी नसतं आणि तो टिकतोही बराच जास्त. जुतेनला नाक मुरडणारे पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही. ऑफिसातून उशिरा घरी आल्यावर डबा उघडून सरळ बशीत उपडा करायचा, तर जुतेनच बरा. सोयाबीनचा गोडवा हवा असेल त्या दिवशी मात्र मी गल्लीतल्या टोफूवाल्याकडचा किनुगोशीच आणते.

पाणी काढायची माझी आताची रीत अशी. 150 ग्रॅमचा तुकडा दुहेरी किचन पेपरवर ठेवायचा, वरून बोटांच्या चिमटीएवढं मीठ भुरभुरायचं आणि फ्रीजमध्ये 15 मिनिटं सोडायचा. वर वजन ठेवायचं नाही, किनुगोशी चिरडतो. मीठ पाणी ओढून घेतं, कागद ओलाचिंब होतो, आणि टोफूला आतूनही थोडी चव येते. त्यानंतर बशीत काढून पाचेक मिनिटं बाहेर राहू द्यायचा. फ्रीजमधून थेट तोंडात गेला तर थंडपणापलीकडे काही कळत नाही. गारवा जरा उतरला की सोयाबीनचा वास वर येतो.

जुलैचा पहिला पंधरवडा

आता सॉस. नेहमीच्या कोइकुची म्हणजे गडद सोया सॉसमध्ये मीठ सुमारे 16 टक्के असतं, म्हणजे एका चहाच्या चमच्यात साधारण 0.9 ग्रॅम. 150 ग्रॅम टोफूला हा एक चमचा पुरतो, पण पाणी आधी काढलेलं असेल तरच. मी सॉस टोफूवर न ओतता वरच्या आल्यावर आणि पातीवर सोडते. तिथून तो झिरपत खाली येतो, प्रत्येक घासात थोडा थोडा लागतो आणि तुकडा वरून पांढराशुभ्र राहतो. उसुकुची सॉस रंगाने फिका म्हणून सढळ हाताने घालू नका, त्यात मीठ उलट जास्त असतं.

आलं खायच्या क्षणी किसायचं. किसून ठेवलेल्या आल्याचा तिखटपणा राहतो, पण सुगंध उडून जातो. मी बारीक दात्यांच्या ओरोशिगानेवर, म्हणजे जपानी किसणीवर, रेषांना आडवं धरून किसते, म्हणजे दोरे निघत नाहीत. म्योगा (आल्याच्या जातीची कळी) मिळाला तर उभा पातळ चिरून क्षणभर गार पाण्यात टाकायचा. शिसो या सुगंधी झुडपाची पानं गुंडाळी करून अगदी बारीक कापायची, आणि तीही शेवटी, कारण कापल्यावर ती लवकर काळी पडतात.

याच महिन्यात आई आली होती. ती शुद्ध शाकाहारी, त्यामुळे कात्सुओबुशी बाद, ते मासेच. बाटलीवर ‘दाशी’, म्हणजे सूपचं पाणी, असं लिहिलेले सॉसही तपासावे लागतात, बहुतेकांत माशाचा अर्क असतो. म्हणून सोया सॉस आणि मिरिन (स्वयंपाकाची गोडसर तांदळाची दारू) एक उकळी आणून गार केलं, त्यात कोंबू या समुद्री शेवाळाचा तुकडा आणि सुकी शिइताके अळंबी टाकून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवलं. सकाळी जे तयार झालं ते मी आता माझ्यासाठीही करते. वरून भाजलेले तीळ आणि नोरी या वाळवलेल्या समुद्री शेवाळाचे काप घातले की कात्सुओबुशीची उणीव फारशी भासत नाही. आईने पहिला घास घेऊन सांगितलं, “अगं, आल्याचा नुसता रस पिळ, चोथा मधेमधे येतो.” रस सॉसमध्येच मिसळला. किनुगोशीच्या मऊपणाला काहीही आडवं येत नाही हे पटलं. मोमेनवर मात्र मला अजूनही किसच आवडतो.

जुलैअखेर, यामागाताची दाशी

या उन्हाळ्यातलं सगळ्यात आनंदाचं पान हे. यामागाता प्रांतात ‘दाशी’ म्हणतात ते सूपचं पाणी नसतं. ती काकडी, वांगं, म्योगा, शिसो आणि पात कच्चीच बारीक चिरून केलेली, सॉस लावलेली कालवण असते, गरम भातावर किंवा गार टोफूवर घालायची. यामागाता शहर डोंगरांच्या खोलगट खोऱ्यात आहे. तिथे 25 जुलै 1933 रोजी 40.8 अंश तापमान नोंदलं गेलं आणि 2007 पर्यंत तोच जपानचा उच्चांक होता. अशा उन्हाळ्यात चुलीजवळ न जाता करता येणारा पदार्थ घराघरांत रुजला, यात नवल नाही.

कच्चं वांगं म्हटल्यावर आपल्याकडचा माणूस दचकेल. जपानी वांगं कोवळं, बी जवळपास नसलेलं असतं. ज्वारीच्या दाण्याएवढं चिरून मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं ठेवायचं आणि घट्ट पिळून घ्यायचं, म्हणजे राप आणि तुरटपणा दोन्ही जातात. काकडीलाही मीठ लावून पिळायचं, नाहीतर टोफूतून काढलेलं पाणी भाजीतून परत येतं. कालवण एकजीव होते ती बारीक चिरलेल्या सुक्या कोंबूमुळे. भिजला की तो बुळबुळीत होतो आणि सगळं टोफूला धरून ठेवतो. कोंबू नसेल तर मिठाच्या पाण्यात पटकन उकडून गार केलेली भेंडी चिरून घाला. तेच काम होतं, आणि आपल्या जिभेला ओळखीचंही आहे.

ऑगस्ट, घरचा टोफू

शेवटी टोफूच घरी लावायला घेतला. त्यासाठी सोया दूध ‘मुचोसेई’ म्हणजे काही न मिसळलेलं हवं. त्यात सोयाबीनचा घन भाग कायद्याने किमान 8 टक्के असतो, पण मी 10 टक्क्यांच्या वरचंच घेते. त्याखाली टोफू लागतो, पण सैल राहतो आणि जास्त पाणी सोडतो.

निगारी, म्हणजे टोफू गोठवणारं द्रव्य, मुख्यतः मॅग्नेशियम क्लोराइड, प्रथिनांना झटकन पकडते. तापलेल्या दुधात टाकली की ढवळायच्या आत गुठळ्या होतात. म्हणून दूध फ्रीजमधलं गारच घ्यायचं, बाटलीवरच्या प्रमाणाने निगारी घालायची आणि फेस न काढता हलकेच फिरवायचं. वाट्यांत ओतून, झाकणाला फडकं बांधून, अगदी मंद आचेवर वाफवायचं. खरवसासारखं मधोमध थरथरलं की उतरवायचं. आच वाढली तर आत जाळी पडते आणि तिथून पाणी सुटतं. निगारी जास्त झाली तर शेवटी जिभेवर कडवटपणा रेंगाळतो.

महाराष्ट्रातून करणाऱ्यांनी खोक्यातलं सोया दूध घेताना घटक वाचा, साखर आणि स्वाद असलेलं चालणार नाही. त्यापेक्षा सोयाबीन रात्रभर भिजवा, कोरड्या सोयाबीनच्या पाच-सहा पट पाणी घालून वाटा, कापडातून पिळा, आणि कच्चा वास पूर्ण जाईपर्यंत ढवळत उकळा. हे उकळणं चुकवू नका, कच्चं सोया दूध पचत नाही. मग पूर्ण गार करून निगारीकडे वळा.

वाटीतला टोफू मी चिरत नाही. रुंद चमच्याने थर काढून बशीत ठेवते, कागदावर निथळायचीही गरज पडत नाही. यावर पहिल्यांदा सॉस नकोच, जाड मिठाचे चार खडे पुरतात. पुढची खटपट आता कॅल्शियम सल्फेटवर लावलेल्या टोफूची. तो निगारीपेक्षा सावकाश लागतो आणि पाणी जास्त धरून ठेवतो, तेव्हा त्याला मीठ किती आणि कधी लावायचं ते सप्टेंबरच्या पानावर लिहीन.