तिल्या तेपेचा सुटा होणारा मुकुट

प्राचीन सुवर्णवस्तूंचे कौतुक करताना आपली नजर बहुतेकदा वजनावर जाते. तुतनखामेनचा मुखवटा सुमारे दहा किलोंचा, हे सर्वांना ठाऊक असते. त्याच्या भुवया निळ्या लाजवर्दाच्या आहेत आणि हा दगड अफगाणिस्तानातील बदख्शानच्या डोंगरांतून इजिप्तपर्यंत पोहोचत असे, याकडे मात्र फारसे लक्ष जात नाही. मला स्वतःला सोन्याची सर्वांत देखणी कारागिरी त्याच अफगाणिस्तानात, आणि तीही अगदी हलक्या वस्तूत दिसते.

उत्तर अफगाणिस्तानातील शिबरघानजवळच्या तिल्या तेपे या टेकाडावर 1978 मध्ये सोव्हिएत पुरातत्त्वज्ञ व्हिक्टर सारियानिदी यांच्या पथकाला इसवी सनाच्या पहिल्या शतकातील दफने सापडली. त्यांपैकी सहा उकरली गेली आणि वीस हजारांहून अधिक वस्तू हाती आल्या. सहाव्या दफनातील स्त्रीच्या डोक्यावर मुकुट होता. एका पट्टीवर सोन्याच्या पातळ पत्र्यातून कातरलेली पाच झाडे, त्यांवर फुले, पक्षी आणि बारीक तारेने लोंबत्या ठेवलेल्या असंख्य टिकल्या! मुकुट घालणारी पाऊल टाकी तेव्हा त्या सगळ्या थरथरत असणार. झाडांना मागून नळ्या जोडलेल्या असल्यामुळे ती पट्टीवरून काढून मुकुट सपाट बांधून नेता येई. तळ हलवत राहणाऱ्या लोकांची गरज सोनाराने अशी सौंदर्याला जराही धक्का न लावता सांभाळली, याचे मला मोठे अप्रूप वाटते.

त्याच दफनात पंख असलेली एक छोटी सुवर्णदेवी मिळाली. तिची ठेवण ग्रीक अफ्रोदितेची, कपाळावर मात्र भारतीय स्त्रीच्या कुंकवासारखा गोल ठिपका. शेजारच्या दफनांत चिनी आरसा, रोमन सम्राट तिबेरियसचे नाणे आणि चाक ढकलणाऱ्या पुरुषाचे एक सुवर्णनाणे होते. त्यावर खरोष्ठी लिपीत धर्मचक्र प्रवर्तित करणाऱ्याचा उल्लेख आहे. त्या प्रतिमेत काही अभ्यासक बुद्धाचे अगदी आरंभीचे रूप पाहतात. इतक्या दिशांच्या खुणा असूनही या वस्तू उसनवारीच्या वाटत नाहीत, कारण पिरोजा आणि लाजवर्द जडवण्याची त्यांची रीत ठामपणे तिथलीच आहे.

पुढे यादवीच्या काळात काबूलच्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या मोजक्या कर्मचाऱ्यांनी हा ठेवा राष्ट्राध्यक्षांच्या प्रासादातील बँकेच्या तळघरात ठेवला आणि त्याविषयी वर्षानुवर्षे मौन पाळले. संग्रहालयावर रॉकेट पडले, ते लुटले गेले, पुढे तालिबानने मूर्ती फोडल्या, तरी हे लोक बोलले नाहीत. सोने वितळवले की त्याचा भाव तेवढा उरतो, कारागिरी संपते, हे त्यांना पक्के ठाऊक होते. 2004 मध्ये तिजोऱ्या उघडल्या तेव्हा ओळख पटवायला सारियानिदी स्वतः हजर होते, आणि 2006 पासून पॅरिसच्या गिमे संग्रहालयापासून सुरुवात करून तो मुकुट देशोदेशींच्या लोकांनी पाहिला.