एसेन : कोळशाची उत्तर, पोलादाची दक्षिण

जर्मनीतल्या डुसेलडॉर्फहून रेल्वेने साधारण अर्ध्या तासात एसेन येतं. बहुतेक जण स्टेशनवरून १०७ नंबरची ट्राम धरतात, झॉलफराइनची जुनी, आता बंद असलेली कोळसा खाण बघतात आणि परततात. माझं ऐकाल तर खाण सकाळी उरका आणि दुपारी दक्षिणेकडे जा. या शहराला ए-४० महामार्गाने मधोमध कापलंय. उत्तरेला कामगारांच्या वस्त्या, दक्षिणेला पैसेवाल्यांची घरं. एकच बाजू पाहिली तर एसेन अर्धंच कळतं.

खाण १८४७ची, फ्रान्झ हानिएलने सुरू केलेली. फोटोंत दिसतो तो बारा नंबरचा शाफ्ट, म्हणजे खाणीत उतरायची विहीर आणि तिच्यावरच्या इमारती, मात्र १९३२चा. शूप आणि क्रेमर या वास्तुरचनाकारांनी लाल विटा आणि पोलादी चौकटींत तो असा बसवलाय, की कारखाना आहे हे विसरायला होतं. इथून दिवसाला १२ हजार टन कोळसा निघायचा. २३ डिसेंबर १९८६ला काम थांबलं आणि २००१मध्ये युनेस्कोने याला जागतिक वारसा ठरवलं.

आवारात फिरायला तिकीट लागत नाही. रूर (हा सगळा खाणपट्टा) म्युझियमला लागतं, पण ते चुकवू नका. कोळसा धुण्याच्या जुन्या इमारतीत ते आहे. बाहेरचा लांबलचक सरकता जिना थेट २४ मीटर उंचीवर नेऊन सोडतो, मग मजलेमजले खाली उतरायचं. आतला जिना केशरी उजेडात निखाऱ्यासारखा पेटलेला दिसतो. बरीचशी अजस्र यंत्रं जागच्या जागीच आहेत. गच्चीवरही जा : धुराड्यांच्या मुलखात एवढी झाडी असेल असं वाटत नाही. गाइडसह फेरी करायची तर इंग्रजीतली वेळ आधी बघून बुकिंग करा, जर्मन फेऱ्याच जास्त असतात.

कोक भट्ट्यांपर्यंत (इथे कोळसा भाजून पोलादासाठी लागणारा कोक बनवायचे) चालायचा कंटाळा करू नका. तिथे दोन शिपिंग कंटेनर जोडून पोहण्याचा तलाव केलाय, उन्हाळ्यात पोरं गंजलेल्या भट्ट्यांशेजारी डुंबतात.

कोळसा संपला, खर्च नाही. खाणकामामुळे या पट्ट्यातली जमीन काही ठिकाणी वीस मीटरहून जास्त खचलीय. पाणी उपसणारे पंप बंद केले तर वस्त्यांत पाणी साचेल, म्हणून ते कायमचे चालवावे लागणार. शेजारच्या बोट्रोपमधली देशातली शेवटची दगडी कोळशाची खाण २०१८मध्ये बंद झाली, तरी हा हिशेब चालूच आहे.

दुपारी एस-६ लोकलने एसेन-ह्यूगेलला उतरा. समोरच्या टेकडीवर क्रुप या उद्योगपती घराण्याची हवेली, व्हिला ह्यूगेल, आहे, १८७३ची. क्रुप मुख्यतः पोलादवाले, झॉलफराइन त्यांची नव्हे. पण काळ्या कोळशावर केवढी श्रीमंती उभी राहिली, ते या हवेलीवरून कळतं. आत प्रवेश चालू आहे का ते आधी तपासा. नसेल तर बाग आणि खालचा बाल्डेनाय तलावही पुरे. वेळ उरला तर यू-१७ या शहरी रेल्वेने मार्गारेटनह्योहेला जा. मार्गारेटे क्रुपने वसवलेली ही टुमदार वसाहत मला हवेलीपेक्षा जास्त आवडली.

खाण्याचं : टपऱ्यांवर करीवुर्स्ट (करी मसाला घातलेलं सॉसेज) मिळतं, ते बहुधा डुकराच्या मांसाचं. शाकाहारींनी पोमेसवर, म्हणजे बटाट्याच्या फ्राइजवर भागवावं, किंवा तुर्की दुकान गाठून फलाफेल (छोल्यांचे तळलेले वडे) मागावं.