एम-टू घेतली, रेसट्रॅक पॅकेज सोडलं

पन्नाशीतल्या बाईने दोन दरवाज्यांची स्पोर्ट्स कार घ्यायची ठरवली की पार्ल्यात काय काय ऐकून घ्यावं लागतं, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. इथे फक्त एवढंच सांगते की, गाडी ठरल्यावर तिच्यासोबत कारखान्यातून बसवून मिळणारं परफॉर्मन्स पॅकेज घ्यायचं की नाही, हे मी कसं ठरवलं. गाडी पटकन ठरली. पॅकेजने मात्र जीव खाल्ला.

गाडी बीएमडब्ल्यू एम-टू. तीन लिटरचं, सहा सिलिंडरचं ट्विन-टर्बो इंजिन, ४८० हॉर्सपॉवर, सगळी ताकद मागच्या चाकांना, आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सहा गिअरची मॅन्युअल अजून मिळते. ऑटोमॅटिक शून्यावरून शंभरला ४ सेकंदांत पोचते, मॅन्युअल ४.२ सेकंदांत. ते दोन दशांश मी हसत हसत सोडले. क्लच आणि गिअर माझ्या हातापायांत हवेत, म्हणून तर एवढा खटाटोप.

शोरूममधला मुलगा हुशार होता, पण बोलायचा माझ्या नवऱ्याशी. "सर, हे कार्बन बघा." "सर, हा एक्झॉस्ट ऐका." सरांनी आयुष्यात लोकल आणि रिक्षा सोडून काही चालवायचा विचारही केलेला नाही. त्यांना रिक्षाही चालवता येत नाही, बसता येतं. शेवटी त्यांनीच सांगितलं, "अरे, गाडी यांची आहे, मी फक्त चहाला आलोय." तेव्हा कुठे पॅकेजचा कागद माझ्यासमोर आला.

पॅकेजचं नाव एम रेसट्रॅक पॅकेज. नाव ऐकून वाटतं, मोठे ब्रेक, कडक सस्पेन्शन, वेगळा डिफरन्शिअल (मागच्या दोन चाकांत ताकद वाटून देणारा भाग) असं काहीतरी असेल. कागदावर तीनच गोष्टी होत्या: कार्बन फायबरचं छत, कार्बनच्या बकेट सीट्स (अंग घट्ट धरणाऱ्या, खोलगट) आणि कमाल वेगाची मर्यादा वाढवून देणारं ड्रायव्हर्स पॅकेज. डिफरन्शिअल, गरजेप्रमाणे कडक-मऊ होणारं ॲडॅप्टिव्ह सस्पेन्शन, एमचे, म्हणजे बीएमडब्ल्यूच्या स्पोर्ट्स विभागाचे, ब्रेक हे सगळं साध्या गाडीतच येतं. म्हणजे रेसट्रॅकवर ज्याच्या जिवावर गाडी वळते आणि थांबते, ते आधीच मिळालेलं आहे. आकडा ऐकून नवरा म्हणाला, "यात एक छोटी गाडी येईल की." वर हे सामान कारखान्यातूनच बसून येत असल्यामुळे गाडीच्या बिलातच धरलं जातं. म्हणजे त्यावर जीएसटी, त्या वाढलेल्या आकड्यावर आरटीओचा कर आणि पुढे दरवर्षी विमा.

मग मी एकेक गोष्ट सुटी करून बघायला बसले.

वेगाचं सगळ्यात सोपं. साध्या एम-टूचा वेग कंपनी इलेक्ट्रॉनिक पद्धतीने ताशी २५० किलोमीटरवर अडवते, पॅकेज घेतलं की तो अडसर २८५ वर जातो. इंजिन तेच, ताकद तीच, फक्त वरचं दार उघडतं. आता माझे रस्ते बघा. सागरी किनारा मार्गावर ८०, बोगद्यात ६०. अटल सेतूवर १००. पुणे एक्स्प्रेसवेवर १०० आणि कॅमेऱ्यांची रांग. समृद्धीवर १२०, त्याच्या वर महाराष्ट्रात कुठेच नाही. राहिले रेसट्रॅक. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर साधारण एक किलोमीटरचा सरळ पट्टा आहे, देशातल्या ट्रॅकवर मला मिळू शकणारा तोच सगळ्यात लांब. तिथेसुद्धा माझ्या हातून २५० होणार नाहीत. इंदूरजवळ पिथमपूरला नॅट्रॅक्सचा ११.३ किलोमीटरचा लंबवर्तुळाकार हायस्पीड ट्रॅक आहे, तिथे २८५ होतील. पण तो मुळात गाड्यांच्या चाचण्यांसाठी बांधलेला आहे, आणि एकदा तेवढ्या वेगाने जाऊन आल्यावर पुढे मी काय करणार? यावर मी उभी फुली मारली.

छत. कार्बनचं छत साध्या छतापेक्षा ६ किलोंनी हलकं. गाडी १७०० किलोंची. टाकी ५२ लिटरची आहे, आठ लिटर पेट्रोल कमी भरलं की तेवढं वजन वाचतं. हा हिशोब थोडा लबाडीचा आहे, हे मलाही कळतं. छत गाडीच्या सगळ्यात वर असतं, तिथलं वजन कमी झालं की गुरुत्वमध्य खाली येतो, पेट्रोलचं तसं नाही. पण तो फरक कळायला जे कसब लागतं ते माझ्याकडे नाही. उलट आमच्या सोसायटीत माझ्या पार्किंगच्या बाजूला नारळाचं झाड आहे. पत्र्याला पोचा आला तर डेंटिंगवाला काढून देतो. कार्बन फायबरला पोचा येत नाही, तडा जातो, आणि मग तो ठोकून सरळ करायचा प्रश्नच नसतो. दिसतं मात्र सुंदर. तिरप्या उन्हात त्याची वीण दिसते, आणि ती बघत मी बराच वेळ उभी होते, हे कबूल.

खरी गंमत सीट्सची. दोन्ही मिळून साधारण ११ किलोंनी हलक्या, पाठीला मोठ्या खिडक्या कापलेल्या, सहा पट्ट्यांचा हार्नेस ओवता यावा म्हणून. हेल्मेट घालून बसायचं असेल तर डोकं टेकायचा भाग काढता येतो. गरमही होतात. मुंबईत सीट गरम करायचं बटण कोण दाबणार, हा प्रश्न मी मोठ्याने विचारला नाही. बसायच्या जागेच्या कडा खूप उंच आहेत आणि मधोमध, दोन मांड्यांच्या मध्ये, कार्बनचा एक कठीण उंचवटा आहे.

आई बरोबर होती. तिचे दोन्ही गुडघे बदललेले आहेत. फिजिओथेरपीला मीच नेते, आणि पुढे बसण्याचा हट्ट तिचा असतो. ती आधी पाठमोरी होऊन बूड टेकवते आणि मग एकेक पाय उचलून आत घेते. इथे बूड टेकलं ते सीटच्या उंच कडेवर. तिथून आत सरकायला गेली तर निऱ्या उंचवट्यावर अडकल्या. "अगं, हे मधे काय ठेवलंय?" शोरूमच्या मुलाने अदबीने सांगितलं, "आजी, रेसमध्ये पाय हलू नयेत म्हणून आहे ते." आई म्हणाली, "माझे तसेही कुठे हलतायत!" बाहेर काढायला मग आम्ही दोघं लागलो, आणि तिचा चष्मा आतच राहिला.

पण पॅकेज आईसाठी घ्यायचं नव्हतं. मी स्वतः बसले तेव्हा ती सीट मला अप्रतिम वाटली. माझी उंची पाच फूट एक इंच. बहुतेक स्पोर्ट्स सीट्समध्ये मी डब्यात हललेल्या लाडवासारखी असते, इथे खांद्यापासून मांडीपर्यंत घट्ट पकडलेली. क्षणभर वाटलं, घेऊनच टाकू. मग तिथेच बसून क्लच दाबत राहिले. डावा पाय पूर्ण खाली नेऊन सोडताना मांडीची आतली बाजू त्या उंचवट्याला घासत होती. फार नाही, जीन्सची शिवण लागावी इतकंच. पण पार्ल्याहून अंधेरीला संध्याकाळी निघाल्यावर क्लच किती वेळा दाबावा लागतो, हे या शहरात कोणाला सांगायला नको. नुसत्या सीट्स सुट्या मिळतील का, असं विचारलं. आमच्याकडे तरी नाही, असं उत्तर आलं.

माझ्या ओळखीतला एक हाडांचा डॉक्टर ट्रॅकवेडा आहे, कोइमतूर आणि चेन्नईच्या ट्रॅकवर गाडी चालवतो. त्याला विचारलं. तो सीटच्या बाजूने होता. म्हणाला, जोरात वळताना साध्या सीटवर तू स्टिअरिंगला लटकतेस, बकेट सीटमध्ये अंग सीट धरते आणि हात मोकळे राहतात. हे खरं आहे, आणि पॅकेजमधली तेवढी एकच गोष्ट मी नाकारू शकले नाही. पुढे त्यानेच विचारलं, "पण तू गाडी चेन्नईला नेणार आहेस का? तेराशे किलोमीटर आहे. नेलीस तर आधी ब्रेकचे पॅड संपतील, मग ब्रेक ऑइल उकळेल, मग टायर. छत कधीच संपत नाही." एम-टूचे मागचे टायर २८५/३०, म्हणजे २८५ मिलिमीटर रुंद आणि भिंत त्याच्या ३० टक्के, वीस इंची. त्यांची भिंत जेमतेम साडेआठ सेंटिमीटर उंच. ट्रॅकला न जाताही आपल्या पावसाळ्यातले खड्डे त्यांना संपवतीलच.

दुसऱ्या कंपन्यांची पॅकेजं पाहिल्यावर माझं मत आणखी पक्कं झालं. फोर्ड मस्टँग जीटीच्या अमेरिकेतल्या परफॉर्मन्स पॅकेजमध्ये ब्रेम्बो या ब्रेकच्या कंपनीचे मोठे ब्रेक आणि टॉर्सेन जातीचा डिफरन्शिअल येतो. ते नंतर बसवायचं म्हणजे गाडी अर्धी खोलायची, तिथे कारखान्यातूनच घेण्यात अर्थ आहे. आधी डोक्यात असलेल्या पोर्शे ७१८ केमनला स्पोर्ट क्रोनो नावाचं पॅकेज मिळायचं. डॅशबोर्डवरचं घड्याळ हा त्यातला फोटोपुरता भाग, पण लाँच कंट्रोल (उभ्या जागेवरून सुसाट निघायची सोय) आणि मोड बदलायची कळ खरोखर उपयोगाची. ऑटोमॅटिक केमन त्याने शंभरला ४.९ ऐवजी ४.७ सेकंदांत पोचायची. तिचं पीएएसएम नावाचं, कडक-मऊ होणारं सस्पेन्शन मात्र गाडी १० मिलिमीटरने खाली आणायचं, आणि आमच्या पार्किंगच्या उताराचं तोंड असं आहे की मी पुठ्ठा कापून कोन बघितला आणि ते दहा मिलिमीटर तिथेच मनातून काढून टाकले. एम-टूच्या पॅकेजने उंची बदलत नाही, हा त्याचा एक गुण.

एका मुद्द्याने मला शेवटपर्यंत छळलं. आत्ता नाही घेतलं तर छत कायमचं गेलं. गाडीच्या मूळ रचनेत बाहेरून बदल करण्याबद्दल मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कडक आहे, सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या जानेवारीत ते आणखी स्पष्ट केलं. कारखान्यातून आलेलं सामान मूळ रचनेचाच भाग असतं, वॉरंटीतही बसतं. म्हणून ज्याला ट्रॅकचं वेड आहे, एकटाच गाडीत बसतो आणि ऑटोमॅटिक घेतोय, त्याने हे पॅकेज जरूर घ्यावं, सीटसाठी घ्यावं. छत सोबत येतं म्हणून येऊ द्यावं.

मी नाही म्हणून सांगितलं. त्यावर मुलाने हुकमी पत्ता काढला: पॅकेजवाली एक गाडी तयार आहे, लगेच मिळेल, बिनपॅकेजच्या मॅन्युअलसाठी थांबावं लागेल. तयार गाडी ऑटोमॅटिक होती. मी म्हटलं, थांबते. या वेळी त्याने नवऱ्याकडे बघितलंसुद्धा नाही, सरळ माझ्यापुढे फॉर्म सरकवला.

आता माझी गाडी मेक्सिकोतल्या सॅन लुईस पोटोसीच्या कारखान्यातून येईल तेव्हा येईल. काळी, मॅन्युअल, साध्या छताची, आईला बसता येईल अशा सीट्सची. तोवर मी चेन्नईच्या ट्रॅकवर ड्रायव्हिंगच्या शिकवणीला नाव घातलंय, त्यांच्याच गाडीत. टायरही त्यांचेच झिजतील.