श्पार्गल आणि सिल्वानर

आज जर्मनीतल्या व्युर्त्सबुर्गला होतो. माइन नदीवरच्या जुन्या दगडी पुलावर, संतांच्या पुतळ्यांपाशी, लोक वाइनचे ग्लास घेऊन निवांत उभे असतात. ग्लासचं डिपॉझिट भरायचं, ग्लास परत दिला की पैसे परत. आम्हीही उभे राहिलो. समोर मारिएनबेर्ग किल्ला, हातात सिल्वानर.

ही इथल्या फ्रांकन भागाची लाडकी पांढरी वाइन. १६५९ साली कास्टेल गावात तिच्या द्राक्षाची रोपं लावल्याची नोंद आहे. लेबलवर ‘ट्रोकन’ असलं की ती ड्राय, म्हणजे लिटरमागे फार तर ९ ग्रॅम साखर. बाटली चपटी, पोट फुगलेली; तिला बॉक्सबॉयटल म्हणतात.

खरी गंमत जेवताना कळली. सध्या श्पार्गलचा, म्हणजे पांढऱ्या ॲस्परॅगसचा हंगाम. अंगठ्याएवढे जाड देठ, सोलून उकडलेले, वर वितळलेलं लोणी, बाजूला नवे बटाटे. देठाला किंचित कडवटपणा असतो. वाइन आंबट असली तर तो अंगावर येतो, लाकडी पिंपाचा वास असला तर भाजीच हरवते. सिल्वानर मात्र सौम्य. हिरवं सफरचंद, थोडं ओलं गवत. एक घास, एक घोट, आणि लोण्याचा जडपणा जिभेवरून अलगद निघून जातो. इतकी वर्षं मी प्रत्येक जेवणाला रीसलिंगच, म्हणजे दुसरी, जास्त आंबट पांढरी वाइन आणत होतो!

२४ जूनला श्पार्गलची काढणी थांबते. दोन बाटल्या घेतल्यात. एक पुढच्या रविवारी याच भाजीबरोबर, दुसरी लोण्यात परतलेल्या ट्राउट माशासाठी.