झोराचे जळके कागद

मंगळवार, रात्री उशिरा

झोरा नील हर्स्टन, अमेरिकेतली काळी लेखिका, सध्या डोक्यातून जातच नाहीये. सुरुवात तिच्या 'देअर आइज वेअर वॉचिंग गॉड' या कादंबरीपासून झाली, ती १९३७ ची, हैतीत बसून सात आठवड्यांत लिहून काढलेली. त्यातला वादळाचा भाग वाचला (ते वादळ खरं आहे, १९२८ मध्ये फ्लोरिडात ओकीचोबी तळ्याचं पाणी बांध फोडून बाहेर आलं आणि अडीच हजाराच्या आसपास माणसं गेली, बहुतेक शेतावर राबणारे काळे मजूर) आणि मग ही बाई कोण कुठली म्हणून शोधत गेले तर कादंबरी राहिली बाजूला आणि मी तिच्या कागदांच्याच मागे लागले.

कागदांची गोष्ट अशी की २८ जानेवारी १९६० ला ती फ्लोरिडातल्या फोर्ट पिअर्स नावाच्या गावात वारली, काउंटीच्या वेल्फेअर होममध्ये, आदल्या वर्षी स्ट्रोक येऊन गेलेला. नंतर तिचं घर रिकामं करायचं होतं, ज्याच्यावर ते काम होतं त्याने कागदपत्रं अंगणात काढली आणि दिली पेटवून. त्याला तरी काय दोष द्यायचा, म्हातारीचे जुने कागद, कोण ठेवतं. तेवढ्यात पॅट्रिक ड्युव्हाल नावाचा डेप्युटी शेरीफ तिथून चालला होता. तोही काळाच, झोराला ओळखणारा, ती लिहिते हे माहीत असलेला. त्याने धूर बघितला, थांबला आणि पाणी मारून आग विझवली. जे उरलं ते आता गेन्सविलला युनिव्हर्सिटी ऑफ फ्लोरिडाच्या लायब्ररीत आहे. पानांच्या कडा काळ्या, तपकिरी, कुठे कोपराच गायब, आणि टाइप केलेली ओळ चालता चालता मध्येच संपते.

त्या कागदांत तिची शेवटची कादंबरी होती, राजा हेरॉडवरची. बायबलमधला तो व्हिलन, बाळांना मारणारा, तर हिला म्हणे तो तसा नव्हताच असं सिद्ध करायचं होतं आणि आयुष्याची शेवटची वर्षं ती त्यावरच बसली होती. १९५५ मध्ये प्रकाशकाने हस्तलिखित परत पाठवलं तरी सोडलं नाही, परत लिहीत बसली. हे हस्तलिखित जळलं, अर्धंमुर्धं वाचलं, आणि आत्ता जानेवारी २०२५ मध्ये पुस्तक म्हणून आलं. म्हणजे पासष्ट वर्षांनी.

झोपायला हवं खरं तर. उद्या ऑफिसला ऑडिट आहे.

गुरुवार

आज एक गोष्ट खटकली ती लिहून ठेवते. तिच्याबद्दल जिथे तिथे एकच पालुपद, गरिबीत मेली, विसरली गेली, बेवारस पुरली. गरिबीत मेली हे खरंय. कुठल्याही एका पुस्तकावर तिला मिळालेली सगळ्यात मोठी रॉयल्टी ९४३ डॉलर ७५ सेंट, आणि १९५० मध्ये मायामीत ती एका घरी मोलकरीण म्हणून काम करत होती, तिथल्या मालकिणीने मासिक उघडलं तर त्यात आपल्याच कामवालीची कथा! (पेपरात बातमी आली होती याची. झोराने म्हणे काहीतरी थाप मारून वेळ मारून नेली, थापा मारण्यात बाईचा हात कोणी धरू शकत नव्हतं, त्याबद्दल नंतर.)

पण विसरली कोणी? न्यूयॉर्कवाले विसरले. प्रकाशक विसरले, पुस्तकं आउट ऑफ प्रिंट. फोर्ट पिअर्सचे लोक नाही विसरले. ज्या घरात ती राहायची ते एका काळ्या डॉक्टरांचं, त्यांनी भाडं घेतलंच नाही. गावातल्या काळ्यांच्या साप्ताहिकात ती लिहायची, तिथल्या शाळेत थोडे दिवस शिकवलंही. गेल्यावर लोकांनी वर्गणी काढून अंत्यसंस्कार केले, चर्चमध्ये गर्दी होती. दगड लावण्याएवढे पैसे जमले नाहीत एवढंच. आणि कागदांचं म्हणाल तर, ते वाचवायला कुठला प्रोफेसर आला नव्हता, गावातलाच माणूस आला. मग 'विसरली गेलेली' म्हणताना आपण नक्की कोणाला मोजत नाही आहोत?

दगडावरून आठवलं. १९४५ मध्ये हिने डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉईस यांना पत्र लिहिलं होतं. ड्यू बॉईस म्हणजे त्या काळचे काळ्या समाजातले सगळ्यात मोठे विचारवंत, आणि हिचं त्यांच्याशी फारसं जमायचं नाही. तर पत्रात काय, की आपल्या नामवंत लोकांसाठी फ्लोरिडात शंभरेक एकर जमीन घेऊन एक दफनभूमी करू या, झाडं लावू, पुतळे उभारू, कारण आपला कुठलाही मोठा माणूस, मरताना त्याच्याकडे पैसे असोत नसोत, अज्ञात पडून राहता कामा नये. ड्यू बॉईसनी नम्रपणे नाही म्हणून कळवलं. आणि पंधरा वर्षांनी तीच बिनदगडाच्या कबरीत. गोष्टीत असं कोणी लिहिलं तर मी म्हणेन, जरा जास्तच झालं.

१९७३ मध्ये ॲलिस वॉकर ही काळी लेखिका तिथे गेली, तेव्हा ती अजून फार प्रसिद्ध नव्हती. मी झोराची भाची आहे असं गावात खोटंच सांगत फिरली, कमरेएवढ्या गवतात शिरून झोराला नावाने हाका मारत कबर शोधली आणि पदरच्या पैशांनी दगड लावला. जो भारी काळा दगड आवडला तो परवडला नाही म्हणून साधा करडा. १९७५ मध्ये तिने त्यावर लेख लिहिला आणि मग पुस्तकं परत छापायला लागले, कॉलेजात लागली, पुढचं सगळं झालं.

पण मजा बघा, त्या दगडावर जन्मसाल कोरलंय १९०१. आणि ते चूक आहे!

शुक्रवार

तर थापांबद्दल. जन्म १८९१ चा, ७ जानेवारी, अलाबामातलं नोटासुल्गा गाव. स्वतः मात्र सांगायची ईटनव्हिल, फ्लोरिडा. ईटनव्हिल म्हणजे १८८७ मध्ये काळ्या लोकांनीच वसवलेलं, चालवलेलं गाव, हिचा बाप तिथे मेयर होता. लहानपणीच तिथे गेली त्यामुळे एक वेळ समजू शकतं, गाव आपलं ते आपलंच. वयाचं प्रकरण वेगळं. आई १९०४ मध्ये गेली, बापाने लगेच दुसरं लग्न केलं, हिची शाळा सुटली, मग घरकाम, मग एका गाणाऱ्या नाटक कंपनीत नटीची मदतनीस म्हणून फिरली. १९१७ मध्ये बाल्टिमोरला आली तेव्हा सव्वीस वर्षांची घोडी, आणि फुकट शाळा होती फक्त वीस वर्षांपर्यंतच्या पोरांना. हिने सरळ दहा वर्षं कापली. झाली सोळाची, घेतलं ॲडमिशन. आणि ते दहा वर्षांचं खोटं तिने मरेपर्यंत निभावलं, आत्मचरित्रातसुद्धा, आणि मेल्यावर दगडावरही.

मला हे भयंकर आवडलं. एरवी खोटं वय सांगणाऱ्या बायकांवर जोक करतात, पण हिने वय चोरलं ते शाळेत बसायला.

पुढे हॉवर्ड ही काळ्यांची युनिव्हर्सिटी, मग न्यूयॉर्कला बार्नर्ड कॉलेज, तिथे त्या वेळी ती एकटीच काळी विद्यार्थिनी. फ्रांझ बोआस या मानववंशशास्त्रातल्या बापमाणसाकडे शिकली आणि तो तिला म्हणाला जा दक्षिणेत, गोष्टी गोळा कर, गाणी गोळा कर. म्हणजे जिथून पळून आली तिथेच परत, पण आता वही घेऊन. पैसे मात्र एका म्हाताऱ्या श्रीमंत गोऱ्या बाईचे, शार्लट ऑस्गुड मेसन. १९२७ च्या डिसेंबरात करार झाला, महिना २०० डॉलर, एक गाडी, एक मूव्ही कॅमेरा आणि बदल्यात गोळा केलेलं सगळं साहित्य मेसनबाईंच्या मालकीचं. बाईंना 'गॉडमदर' म्हणायचं असाही दंडक होता. स्वतःच्या गावच्या लोकांच्या गोष्टी स्वतः ऐकायच्या, लिहायच्या, आणि छापायला परवानगी मागायची दुसरीकडे. वाचूनच माझं डोकं तापलं.

अलाबामातल्या कोसोलावरचं लिखाण याच काळातलं. कोसोला म्हणजे कजो लुईस, १८६० मध्ये क्लोटिल्डा जहाजातून आणलेला. गुलाम आयात करायला बंदी येऊन पन्नास वर्षं झालेली तरी चोरून आणले. झोरा भेटली तेव्हा तो ऐंशीच्या पुढे. ही त्याच्यासाठी पीच घेऊन जायची, कलिंगड घेऊन जायची, कधी तो बोलायचा कधी नाही, नुसतं दोघं बसून खायचे. फोटो काढायचा म्हटल्यावर त्याने चांगला सूट घातला पण बूट काढून ठेवले, का तर आपण आफ्रिकेत असल्यासारखं दिसावं. आणि फोटोसाठी उभा राहिला कुठे, तर बायकामुलांच्या कबरींत. हे हस्तलिखित १९३१ मध्ये तयार होतं. प्रकाशक म्हणाले त्याची बोली काढा, नीट भाषेत लिहा, ही म्हणाली नाही. तो जसा बोलला तसंच. मग पडून राहिलं, हॉवर्ड युनिव्हर्सिटीत दुसऱ्याच एका माणसाच्या, ॲलन लॉकच्या, कागदांत. छापलं २०१८ मध्ये.

लगेच तिला देव्हाऱ्यात बसवायला नको म्हणून हेही लिहिते, की याच कोसोलावर तिने १९२७ मध्ये जो पहिला लेख छापला होता त्यातला बराचसा मजकूर दुसऱ्या एका बाईच्या पुस्तकातून सरळ उचललेला होता. आणि १९५५ मध्ये शाळांमधला वर्णभेद संपवण्याच्या कोर्टाच्या निकालाविरुद्ध तिने पेपरला पत्र लिहिलं, का तर आपल्या शाळा काय वाईट आहेत, गोऱ्यांच्या शेजारी बसण्यासाठी कशाला हात पसरायचे. स्वाभिमान कळतो, पण ते पत्र वाचून लोक किती चिडले असतील तेही कळतं.

रविवार

दिवसभर नाटकं. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या साइटवर तिची दहा नाटकं स्कॅन करून ठेवलीयत, टाइपरायटरवरची पानं जशीच्या तशी. ही कशी सापडली तर, पूर्वी न छापलेल्या नाटकाचाही कॉपीराइट घ्यायचा तर टाइप केलेली एक प्रत सरकारकडे जमा करावी लागायची. हिने १९२५ ते १९४४ मध्ये अशी दहा जमा केली. बहुतेक कधी रंगमंचावर आलीच नाहीत, आणि १९९७ पर्यंत तिथल्या गठ्ठ्यांत पडून होती. म्हणजे स्वतःच्या घरात ठेवलेलं जळलं आणि सरकारी दप्तरात शिक्का मारून घेतलेलं शाबूत. आयुष्यभर सरकारी ऑफिसांना शिव्या घालणाऱ्या माझ्यासारखीला हे पचायला जड आहे.

एक तर नुसतं काही पानांचं आहे, पत्त्यांचा डाव, एका कॅटमध्ये असायला नकोत इतके एक्के बाहेर पडतात आणि मग पिस्तुलं. हसले जाम. 'म्यूल बोन' वाचायला घेतलं पण त्यामागची भांडणंच जास्त रंगतदार निघाली. ते लँग्स्टन ह्यूज या काळ्या कवीबरोबर मिळून लिहिलेलं, दोघं जिगरी दोस्त, आणि हिने १९३० मध्ये त्याचं एक रूप फक्त स्वतःच्या नावाने कॉपीराइटला टाकलं. भांडण झालं ते कायमचं. नाटक ब्रॉडवेवर आलं १९९१ मध्ये, तोवर दोघंही गेलेले. इथे मी ह्यूजच्या बाजूने आहे, सॉरी झोरा. गोष्ट मूळ हिनेच गोळा केलेली होती हे मान्य, पण मित्राला न सांगता?

आणि मग ती रेकॉर्डिंग्ज. १९३९, जॅक्सनविल, सरकारी लेखक-योजनेत कामाला होती तेव्हाची. तिचा स्वतःचा आवाज! मला वाटलं होतं काहीतरी पुस्तकी, करुण असेल. छे. खणखणीत, मिश्किल, रेल्वेचे रूळ सरकवणाऱ्या गँगची गाणी म्हणतेय, आपल्याकडे गँगमन पहारी लावून एका सुरात जोर लावतात ना, अगदी तोच ठेका. एक गाणं इतकं चावट आहे की ते म्हणायच्या आधी तिला विचारतात हे बायकांसमोर म्हणतात का, आणि ती झटकन काहीतरी उत्तर देऊन मोकळी. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "कोण गं ही? गळा काही खास नाही, पण म्हणतेय झकास."

एका रेकॉर्डिंगमध्ये तिला विचारलंय, ही गाणी तू शिकतेस कशी. ती सांगते, लोकांच्या घोळक्यात शिरायचं, ते म्हणतात ते ऐकायचं, मग हळूच एखादी ओळ त्यांच्यात मिसळून म्हणायची, सगळी कडवी येईपर्यंत. मग त्यांनाच म्हणून दाखवायचं. ते म्हणाले हां, आता आमच्यासारखं जमलं, की मग ते गाणं येणाऱ्या दुसऱ्या लोकांपुढे म्हणून बघायचं. त्यांचंही समाधान झालं की मग ते डोक्यात घेऊन फिरायचं. बोआसची पदवीधर, पण पद्धत ही. पास-नापास ठरवणारे कोण, तर सॉमिलवाले आणि रेल्वे गँगवाले.

रिचर्ड राइट या त्या काळच्या काळ्या लेखकाने तिच्या त्या १९३७ च्या कादंबरीला झोडपलं होतं की यात ना विषय ना विचार, नुसतं गोऱ्यांची करमणूक करणारं. मी राइटला मानते, पण त्याने ही रेकॉर्डिंग्ज ऐकली असतील का? ती गाणी कोणाची करमणूक करायला नाहीत, ओझं उचलायला आहेत.

हेरॉडचं पुस्तक कार्टमध्ये टाकून ठेवलंय, हार्डबॅक, किंमत बघून परत काढलं, परत टाकलं. दोन-तीन रिव्ह्यू वाचले. एकात म्हटलंय कादंबरी कोरडी आहे, ईटनव्हिलवाली झोरा यात नाही, जळाल्यामुळे मध्ये मध्ये मजकूर तुटतो, शेवट तिच्या पत्रांतून भरून काढलाय. असेल कोरडी. प्रकाशकानेही परत पाठवलीच होती, आणि दर वेळी प्रकाशकच चुकतो असं थोडंच आहे. पण एवढ्या वर्षांत तिला हेरॉडमध्ये काय दिसत होतं ते मला तिच्याच तोंडून ऐकायचंय. पगार झाला की मागवते.