कुंद्याच्या रंगाचा कोड

संकेतस्थळासाठी रंग ठरवताना बहुतेक जण आधी नावांची यादी उघडतात. माझ्या मते हा क्रम उलटा असावा. आधी डोळ्यासमोरची वस्तू, मग तिचा कोड, म्हणजे संगणकाला रंग सांगणारे आकडे-अक्षरे, आणि नाव सर्वांत शेवटी. बेळगावातील एका मिठाईच्या दुकानाचे काम करताना मालकांनी वरची पट्टी कुंद्याच्या, म्हणजे दूध आटवून केलेल्या तिथल्या मिठाईच्या, रंगाची हवी असे सांगितले आणि वर बजावले, "कुठलाही तपकिरी चालणार नाही बघा, आमच्याच कुंद्याचा पाहिजे." अशा मागणीला यादीत उत्तर नसते.

सीएसएस, म्हणजे संकेतस्थळाचे रूप ठरवणारी भाषा, तिच्या यादीत रंगांची १४८ नावे आहेत, पण प्रत्यक्षातले रंग १३९ च भरतात, कारण 'ॲक्वा' आणि 'सायन' यांचा कोड एकच आहे, तसाच 'फुशिया' आणि 'मॅजेंटा' यांचाही, आणि 'ग्रे' असलेली सात नावे दोन-दोन स्पेलिंगांनी आली आहेत. यातली बरीचशी नावे युनिक्सवरील एक्स११ या जुन्या प्रणालीतून उचललेली असल्यामुळे त्यांत फारशी शिस्त नाही. 'डार्कग्रे' हा 'ग्रे'पेक्षा चक्क फिकट आहे : साध्या ग्रेचा कोड ८०८०८०, तर डार्कग्रेचा ए९ए९ए९. नावावर विसंबणारा इथे हमखास फसतो. या गर्दीत एकच नाव मला मनापासून आदराचे वाटते, ते 'रेबेकापर्पल', कोड ६६३३९९. सीएसएसच्या क्षेत्रात मोठे काम केलेले एरिक मेयर यांची लहानगी मुलगी रेबेका २०१४ मध्ये गेली, तिच्या स्मरणार्थ ते यादीत घेतले गेले.

कुंद्यासाठी मी ताटलीचा फोटो खिडकीशी, दिवसाच्या उजेडात घेतला. ट्यूबलाइटखाली तोच कुंदा हिरवट दिसतो आणि कोडही तसाच निघतो. मग ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समधील ड्रॉपर, म्हणजे ठेवू त्या ठिपक्याचा कोड सांगणारे साधन, फोटोवर फिरवला. तुपाने चकाकणाऱ्या कणावर ठेवला तर जवळजवळ पांढरा कोड येतो, दोन कणांमधल्या सावलीत ठेवला तर काळपट. त्यामुळे चकाकी आणि सावली दोन्ही टाळून मधल्या भागातले कोड घ्यावेत आणि त्यांतला मधला धरावा. मला मिळालेला रंग यादीतल्या 'पेरू'च्या अगदी जवळचा होता. (हा दक्षिण अमेरिकेतला देश, आपले फळ नव्हे.)

एवढ्यावर काम भागत नाही, कारण पट्टीवर पांढरी अक्षरे येणार होती. पेरूवर पांढऱ्या अक्षरांचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे दोन रंगांच्या उजळपणातला फरक, जेमतेम ३ : १ भरतो आणि सुवाच्यतेच्या डब्ल्यूसीएजी निकषांनुसार नेहमीच्या आकाराच्या मजकुराला किमान ४.५ : १ लागतो. इथे सहा अक्षरी हेक्स कोड फारसा कामाचा नाही. त्यातला कोणता आकडा किती कमी करावा हे नुसते पाहून कळत नाही. तोच रंग एचएसएल पद्धतीने लिहिला, तर छटा ३० अंश, रंगाची तीव्रता ५९ टक्के आणि उजळपणा ५३ टक्के असा सुटा होतो. पहिले दोन आकडे तसेच ठेवून मी उजळपणा ३५ टक्क्यांवर आणला. कॉन्ट्रास्ट सुमारे ५.८ : १ झाला आणि रंग कुंद्याच्याच घराण्यातला राहिला; थोडा जास्त आटवलेला, इतकेच. मालकांनी तो पाहताक्षणी पसंत केला.

नाव द्यायची वेळ त्यानंतर येते. सीएसएसमध्ये स्वतःचे चल, म्हणजे व्हेरिएबल, दोन आडव्या रेघांनी सुरू होते आणि पुढचे नाव देवनागरीत लिहिले तरी चालते. '--कुंदा' असे लिहून त्यात रंग साठवला, की पट्टी, बटण, दुवे सगळीकडे तेच नाव वापरता येते आणि पुढे छटा बदलायची झाल्यास एकाच ओळीत बदल करावा लागतो. माझ्यासोबतच्या कन्नडभाषक सहकाऱ्याला देवनागरी वाचता येते, म्हणून आमचे निभावते. एरवी मी रोमन नावच ठेवले असते. कोडमधले आकडे मात्र इंग्रजीच लागतात, इथल्यासारखे देवनागरी आकडे ब्राउझर स्वीकारत नाही.